‘आपल्यात हा आजार नसतो’ या समजुतीची किंमत कोण मोजतं?

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन झाला. कॉलेजांतून पथनाट्यं झाली, रुग्णालयांत लाल फिती लागल्या, फलक झळकले. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, माझगावपासून परळ-दादरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत मात्र हा दिवस नेहमीसारखाच निघून गेला. डायबिटीसचं शिबिर आपण मोहल्ल्यात भरवतो, डोळ्यांचं भरवतो, रक्तदानाचंही भरवतो. एचआयव्हीचं नाव काढलं की लोक खाली बघतात. ‘हा आजार आपल्यातला नाही’ असं म्हणून विषय संपतो.

याच सुमारास झारखंडमधून एक बातमी आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये चाईबासा इथे, सरकारी रुग्णालयात रक्त घेणारी पाच मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. थॅलेसेमियाच्या मुलांना जगण्यासाठी सतत रक्त घ्यावं लागतं. या मुलांनी काय गुन्हा केला होता? त्यांच्या चारित्र्यावर कोण बोट ठेवणार? एचआयव्ही म्हणजे वाईट चालीची शिक्षा, असं मानणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी अडवून उभी राहते. विषाणू माणसाचा धर्म, जात, नमाज-रोजा काही बघत नाही. त्याला फक्त शरीरात शिरायची वाट हवी असते. ती वाट कोणती आणि कोणती नाही, हे समजून घेणं ही आज प्रत्येक घराची गरज आहे.

आकडे काय सांगतात?

२०२३ च्या सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ०.२० टक्के, म्हणजे पाचशे माणसांमागे एक. त्या एका वर्षात सुमारे ६८ हजार नव्या लागणी झाल्या आणि जवळजवळ ३६ हजार माणसं एड्सशी संबंधित आजारांनी गेली. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी ४४ टक्क्यांनी घटल्या आहेत, ही चांगली गोष्ट. पण राज्याराज्यांत सर्वाधिक बाधित आजही आपल्या महाराष्ट्रात आहेत.

आणखी एक आकडा घराघरांशी जोडलेला आहे. देशातल्या बाधितांपैकी शंभरात सुमारे ४४ स्त्रिया आहेत. यातल्या बहुतेकींनी आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिलेला नाही. आजार त्यांच्या घरात दरवाजातून आला, तोही निकाह करून.

‘मुस्लिम देशांत हा आजार नाही’ असंही आपल्याकडे ठामपणे बोललं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाची आकडेवारी वेगळं सांगते. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेत एकूण प्रमाण कमी आहे हे खरं, पण २०१० नंतर तिथे नव्या लागणी दुपटीहून जास्त वाढल्या. कारण साधं आहे. जिथे बोलायची लाज, तिथे तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून उपचार नाही. आणि उपचार नाही म्हणून विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो.

मुंबईत तो कसा पसरला?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, मद्रासमधली. मुंबईत तो लवकरच हातपाय पसरायला लागला. बंदराचं शहर, गिरण्यांचं शहर, एकट्या पुरुषांचं शहर. बायको-पोरं गावाला आणि माणूस परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांसोबत, नाहीतर गोदीजवळ गावच्या जमातीच्या खोलीत. कोकणातला खलाशी, मदनपुऱ्यात जरीकाम करणारा कारागीर, वाडीबंदरला ट्रक लावून झोपणारा ड्रायव्हर, १९८२ च्या संपात नोकरी गेलेला गिरणी कामगार, सगळ्यांचं आयुष्य असंच वर्षातून एकदा गावी जाण्यावर बेतलेलं. आणि मध्ये कामाठीपुरा.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक जणी बाधित आढळत होत्या. या बायका कुठून आल्या, कोणी विकल्या, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही. त्यांच्याकडून पुरुषांना, पुरुषांकडून रत्नागिरी, रायगड, सातारा, आझमगढ, दरभंग्याच्या बायकांना आणि बायकांकडून पोटातल्या बाळांना, अशी ही साखळी गेली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, सगळेच होते.

पुढे निरोधचा प्रसार, वस्त्यांतलं काम आणि मोफत उपचार यांनी चित्र बदललं. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सुरू झाली. १९९८ पासून मुंबईसाठी वेगळी ‘मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था’ वडाळ्याला अ‍ॅकवर्थ रुग्णालयाच्या आवारातून काम करते. पण ज्या भीतीने त्या काळी माणसं गप्प बसली, ती भीती अजून तिथेच आहे.

शरीरात नेमकं काय होतं?

एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याच्यामुळे येणारी शेवटची अवस्था. दोन्ही एक नव्हेत. आपल्या रक्तात आजारांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या सीडी-४ नावाच्या पेशींत हा विषाणू शिरतो, तिथेच स्वतःच्या प्रती काढतो आणि त्या पेशी मारतो. सुरुवातीला कोणाला थोडा ताप, अंगदुखी, पुरळ येतं. बऱ्याच जणांना काहीच होत नाही. त्यानंतर आठ-दहा वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. कामाला जातो, क्रिकेट खेळतो, लग्नं करतो. पण या काळात तो दुसऱ्याला लागण देऊ शकतो. ‘दिसायला तर चांगला आहे’ याला म्हणूनच काही अर्थ नाही.

सीडी-४ ची संख्या २०० च्या खाली गेली की शरीराचा पहारा उठतो. मग साधे आजारही जीवघेणे होतात. आपल्याकडे त्यात पहिला नंबर टीबीचा. म्हणूनच टीबी झालेल्या प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी आणि एचआयव्ही बाधिताची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात केली जाते. डॉक्टरने तशी तपासणी लिहून दिली तर तो आपल्यावर संशय घेतोय असं समजू नये.

चार वाटा

विषाणू रक्त, वीर्य, योनीस्राव आणि आईचं दूध यांत असतो. त्यामुळे वाटा मोजक्या आहेत.

पहिली, बाधित जोडीदाराशी निरोध न वापरता आलेला शारीरिक संबंध. भारतात बहुतेक लागणी याच वाटेने होतात. यात पुरुष-पुरुष संबंधही येतात. समाजात हे बोललं जात नाही, म्हणून अशी माणसं तपासणीपासून लांब राहतात आणि घरच्यांच्या दबावाने लग्नंही करतात. गप्प राहण्याचा भुर्दंड मग एका निरपराध मुलीवर पडतो.

दुसरी, बाधित रक्त. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांना शिस्त लावणारा निकाल दिला आणि १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. आता प्रत्येक पिशवीची तपासणी बंधनकारक आहे, म्हणून हा धोका खूप कमी झाला. पण नुकती लागण झालेल्या माणसाच्या रक्तात काही दिवस चाचणीला विषाणू सापडत नाही. न्यूक्लिक अ‍ॅसिड म्हणजे ‘नॅट’ चाचणी हा काळ कमी करते. घरात थॅलेसेमियाचं मूल असेल तर ‘तुमच्या रक्तपेढीत नॅट होते का?’ हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. रक्त देणाऱ्यानेही फॉर्मवरच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावीत.

तिसरी, सुई आणि धारदार हत्यारं. पाकिस्तानातल्या लारकाना जिल्ह्यात रातोदेरो नावाचं गाव आहे. २०१९ मध्ये तिथे शेकडो लहान मुलं बाधित निघाली. मुख्य कारण होतं दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज. आपल्याकडेही उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास एका बोगस डॉक्टरच्या सुईने अनेकांना लागण झाल्याचं समोर आलं. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेताना सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. हिजामा करवत असाल तर ब्लेड आणि कप नवे आहेत का बघा. बाळाची खतना करताना हत्यारं निर्जंतुक केली का विचारा. न्हाव्याकडे ब्लेड बदलायला लावा. या ठिकाणी एचआयव्हीपेक्षाही हेपॅटायटिस बी आणि सी चा धोका मोठा आहे, पण खबरदारी एकच.

सुईचा सर्वात मोठा धोका नशेच्या सुईत आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ९ टक्के आढळलं, इतर कोणत्याही गटापेक्षा जास्त. ज्यांना आपण ‘गर्दुल्ले’ म्हणून हाकलतो, ती आपल्याच मोहल्ल्यातली पोरं आहेत. त्यांना मारून आजार जात नाही. नशामुक्तीचे उपचार आणि सुईऐवजी जिभेखाली ठेवायची औषधाची गोळी देणारी सरकारी केंद्रं आहेत. तिथे हात धरून न्यावं लागतं.

चौथी, आईकडून बाळाला. गरोदरपणी, बाळंतपणात किंवा दुधातून. काहीच उपचार केले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. आईने औषध वेळेवर घेतलं आणि बाळाला सुरुवातीचे डोस दिले तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. बाधित आईने औषध चालू असताना पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं, वरचं दूध मधेमधे देऊ नये, असा सल्ला आहे. गरोदरपणी एचआयव्ही तपासणीला ‘आमची सून तशी नाही’ म्हणून नकार देणाऱ्या सासवा आपण पाहतो. ती तपासणी सुनेच्या चारित्र्याची नसते, येणाऱ्या नातवाच्या जिवाची असते.

या चारांबाहेर पाचवी वाट नाही. मशिदीच्या हौजावर एकत्र वुजू केल्याने एचआयव्ही होत नाही. एका थाळ्यात जेवल्याने, एका ग्लासात पाणी प्यायल्याने, ईदच्या गळाभेटीने, मुसाफ्याने होत नाही. चाळीतल्या सामायिक संडासाने, टॉवेलने, खोकल्याने, डास चावल्याने होत नाही. घरात बाधित माणूस असेल तर त्याचं ताट वेगळं करण्याची गरज नाही. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश तेवढे वेगळे ठेवा.

खतना आणि खोटी निश्चिंती

आपल्यात एक समज पक्का आहे की खतना झालेल्याला एड्स होत नाही. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात मोठे अभ्यास झाले. खतना केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या जास्त लागण असलेल्या देशांसाठी तशी शिफारसही केली.

पण धोका कमी होणं म्हणजे धोका संपणं नव्हे. ही भिंत अर्धीच आहे, आणि वारंवार धोका पत्करणाऱ्याला ती वाचवत नाही. दुसरं म्हणजे, बाधित नवऱ्याची खतना झालेली असली तरी बायकोला त्याचं संरक्षण मिळत नाही. युगांडातल्याच एका अभ्यासात ते दिसून आलं. सुईच्या आणि रक्ताच्या वाटेवर तर खतन्याचा काही संबंधच नाही. दीनने सांगितलेली पाकीजगी आणि निष्ठा पाळली तर माणूस खरोखर सुरक्षित राहतो. पण नवरा-बायको दोघांनीही ती पाळली तरच. एकाच्या पाळण्याने दुसरा वाचत नाही.

गल्फचं मेडिकल आणि त्यानंतर

कोकणातल्या आणि मुंबईतल्या आपल्या कित्येक घरांची चूल गल्फच्या पैशावर पेटते. आखाती देशांत कामाचा व्हिसा मिळण्याआधी ठराविक केंद्रांत मेडिकल होतं, त्यात एचआयव्हीची तपासणी असते. पॉझिटिव्ह निघाला की ‘अनफिट’. तिथे गेल्यावर नूतनीकरणाच्या वेळी निघाला तर परत पाठवणी.

त्या देशांचा नियम आपण बदलू शकत नाही. पण विचार करा, मुलाच्या हातात ‘अनफिट’चा कागद येतो तेव्हा काय होतं? एजंटला दिलेले पैसे बुडाले, याचंच घरात दुःख. मुलगा कारण सांगत नाही, सांगितलं तरी आई-बाप ‘मशीन चुकलं असेल’ म्हणतात. दुसऱ्या केंद्रातून, दुसऱ्या नावाने प्रयत्न करण्याचे सल्ले मिळतात. मधल्या काळात, पोरगा घरी बसलाय म्हणून त्याचं लग्न लावून दिलं जातं. इथूनच पुढची लागण सुरू होते.

भारतीय कायद्याप्रमाणे एचआयव्ही तपासणीच्या आधी माणसाची संमती आणि आधी-नंतर समुपदेशन हवं. एका तपासणीवर निकाल पक्का धरत नाहीत, वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. म्हणून मेडिकलमध्ये शंका आली तर एजंटकडे जाऊ नका. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. तपासणी मोफत आहे आणि नाव गुप्त राहतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ वरही माहिती मिळते, फोनला पैसे लागत नाहीत.

औषध आपल्याच शहरातून जगभर गेलं

एचआयव्ही म्हणजे मरण, हे पंचवीस वर्षांपूर्वीचं चित्र होतं. ते बदलण्यात या शहराचा आणि एका मुस्लिम कुटुंबाचा मोठा हात आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला कंपनी स्थापन केली. अनेक वर्षं तिचं मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलला होतं, आता ते लोअर परळला आहे. २००० च्या सुमारास एचआयव्हीवर तीन औषधांचा उपचार होता, पण वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर खर्चाचा. आफ्रिकेत माणसं औषध असून मरत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये ख्वाजासाहेबांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ला देऊ केला. बड्या परदेशी कंपन्या खवळल्या, पण किमती कोसळल्या आणि लाखो जीव वाचले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे अशी स्वस्त औषधं इथे बनवणं शक्य झालं होतं.

हे आपण अभिमानाने सांगायला हवं. पण ज्या शहरातून हे औषध गेलं, त्याच शहरात आपल्या घरातला रुग्ण गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात लपवतो, याचीही लाज वाटायला हवी.

१ एप्रिल २००४ पासून भारतात हे उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सुरुवातीच्या केंद्रांत भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय होतं. आज परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, शिवडीचं टीबी रुग्णालय इथेही एआरटी केंद्रं आहेत. २०१७ पासून नियम असा की लागण कळली की सीडी-४ किती हे न बघता लगेच औषध सुरू. बहुतेकांना दिवसातून एक गोळी, आयुष्यभर.

याहून मोठी गोष्ट अजून घराघरांत पोचलेली नाही. रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू चाचणीला सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात २०११ मध्येच लवकर उपचारांनी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, त्यात पुण्यातलं केंद्रही होतं. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं. म्हणजे आज औषध घेणारा माणूस सुरक्षित आहे. धोका आहे तो तपासणीच न केलेल्याचा.

रमजानमध्ये काय करायचं, हा प्रश्न बाधित माणसं कोणाला विचारू शकत नाहीत. दिवसातून एकच गोळी असेल तर ती इफ्तारनंतर किंवा झोपताना, रोज ठरलेल्या वेळी घेता येते. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे होऊ शकतात. तब्येत साथ देत नसेल तर आजाऱ्याला दीनने सवलत दिलेलीच आहे. पण रोज्यासाठी औषध सोडू नये. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

मय्यत, गुस्ल आणि जनाजा

एचआयव्ही बाधिताची मय्यत झाली की गुस्ल द्यायला कोणी पुढे येत नाही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घाईने दफन करा असं सांगितलं जातं, अशा तक्रारी ऐकू येतात. हे अज्ञान आहे आणि मय्यतची बेअदबी आहे. गुस्ल देता येतो. हातमोजे आणि एप्रन घालावा, स्वतःच्या हातावरच्या जखमा झाकाव्यात, मय्यतच्या अंगावरच्या जखमा आणि सुईची ठिकाणं पट्टीने बंद करावीत, रक्त सांडलं तर ब्लीचच्या पाण्याने जागा पुसावी, शेवटी साबणाने हात धुवावेत. एवढं पुरे आहे. खरं तर ही खबरदारी प्रत्येक मय्यतच्या गुस्लला घ्यायला हवी, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. जनाजा, खांदा, दफन यांत कसलाही धोका नाही.

उलेमांनीही यावर विचार केलेला आहे. १९९५ मध्ये अबूधाबीला भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला. रोजच्या राहण्या-वागण्यातून हा आजार पसरत नसल्याने बाधिताला वेगळं टाकणं आवश्यक नाही, आणि जाणूनबुजून दुसऱ्याला लागण देणं हराम आहे, असा त्याचा आशय आहे. दोन्ही वाक्यं महत्त्वाची आहेत. पहिलं समाजासाठी, दुसरं बाधितासाठी.

निकाहआधी

हळदीपासून हॉलपर्यंत सगळं ठरतं, पण मुलामुलीच्या तब्येतीबद्दल एक शब्द निघत नाही. थॅलेसेमियाची आणि एचआयव्हीची तपासणी दोघांनी, आपल्या मर्जीने, निकाहआधी करून घ्यावी. यात कोणावर संशय नाही. दोघांनी केली म्हणजे कोणाचाच अपमान नाही. बाधित असताना लपवून निकाह करणं ही फसवणूक आहे. पण सांगून, समजून, औषध घेऊन केलेला निकाह होऊ शकतो, चालू शकतो, त्यातून निरोगी मुलंही होऊ शकतात. दोन्ही जोडीदार बाधित असतील अशी स्थळं जमवून देण्याचं कामही होऊ शकतं. जमातीच्या निकाह कमिटीने हे मनावर घ्यावं.

विधवेचा प्रश्न वेगळा. नवरा एड्सने गेला की बरेचदा दोष तिच्यावर येतो, ‘हिनेच खाल्लं’ म्हणून. घरातून काढलं जातं, वारशातला तिचा हिस्सा दिला जात नाही. शरियतने बायकोला दिलेला हिस्सा आजारपणाने कमी होत नाही, हे सांगायला मौलाना साहेबांशिवाय अधिक योग्य कोण?

कायदा कुठे उभा आहे?

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला रक्तदानातून लागण कळली, तेव्हा त्याला पकडून ६४ दिवस एकांतात डांबलं होतं. तेव्हाचा कायदा तशी परवानगी देत होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याचं नाव गुप्त ठेवून खटला चालवायला परवानगीही दिली.

२०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही-एड्सचा स्वतंत्र कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत बाधिताशी भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीशिवाय माहिती फोडता येत नाही. अठरा वर्षांखालच्या बाधित मुलाला घरात राहण्याचा हक्क आहे. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा रिपोर्ट फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुढचा काळ

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि आफ्रिकेतल्या अनेक एड्स केंद्रांना टाळं लागलं. भारताला तसा फटका बसला नाही, कारण इथला कार्यक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. त्याचा १५,४७१.९४ कोटींचा पाचवा टप्पा मार्च २०२६ पर्यंत आखलेला होता. पुढच्या टप्प्यात पैसा कमी पडू नये, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवा. दुसरीकडे, लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकॅपाविर हे इंजेक्शन आलं आहे. ते स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

औषधं येत राहतील. ती घ्यायला माणूस केंद्रापर्यंत पोचला पाहिजे, आणि तिथे कंपनीचं काम संपून आपलं सुरू होतं. जुम्याच्या एका खुतब्यात पाच मिनिटं या विषयाला दिली, गुस्ल देणाऱ्यांना हातमोज्यांचा एक बॉक्स आणि तासभराचं प्रशिक्षण दिलं, जमातखान्यातल्या आरोग्य शिबिरात एचआयव्हीचं टेबलही लावलं, झकातीच्या यादीत औषधासाठी दर महिन्याला केईएम-जेजेला जाणाऱ्याचं गाडीभाडं आणि सकस जेवण धरलं, तर फार पैसे लागत नाहीत. अल्लाहने आजारासोबत इलाजही दिला आहे, असं आपण मानतो. या आजाराचा इलाज लोकल ट्रेनच्या दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर मोफत मिळतो. तिथे जाणाऱ्याकडे कोणी वळून बघणार नाही, एवढी हमी त्याला मोहल्ल्याने द्यायची आहे.